सोडचिठ्ठी, घटस्फोट आणि मध्यस्थ

पतिपत्नींचा संबंध तुटतो, त्या तुटण्याला आपल्या भाषेत तीन नावे आहेत : सोडचिठ्ठी, काडीमोड आणि घटस्फोट. आज हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांतही पहिले दोन काहीसे ग्राम्य, तर तिसरा सभ्य आणि कायदेशीर समजला जातो. परंतु या शब्दांची कुळकथा पाहू गेल्यास हा मान उलट द्यावा लागेल. सोडचिठ्ठी म्हणजे मोकळीक देणारा लेख. काडीमोड म्हणजे काडी मोडून संबंध संपल्याची चारचौघांसमोर दिलेली खूण. घटस्फोट हा मात्र मूळचा धर्मशास्त्रातील बहिष्काराचा विधी होय. पतित ठरलेल्या आणि प्रायश्चित्त न घेणाऱ्या माणसाच्या नावाने त्याचे सपिंड व बांधव पाण्याचा घट उलथून टाकीत, आणि तो जिवंत असतानाच जणू मृत झाला असे मानून त्याच्याशी बोलणे, बसणे, देणेघेणे सर्व बंद करीत. सोडचिठ्ठीत सुटका आहे. घटस्फोटात हद्दपारी आहे. व्यवहारात सुटकेसाठी बहिष्काराचा शब्द रूढ झाला, यात आपल्या समाजाच्या मनोवृत्तीचे थोडेसे दर्शन घडते असे म्हणावयास हरकत नाही.

जोडप्याच्या भांडणात पडणारा तिसरा माणूस, म्हणजे मध्यस्थ, आपल्याकडे फार जुना आहे. तो कधी कुळातील वडीलधारा, कधी जातीचा पंच, कधी देवळाचा महाजन असे. आज तो न्यायालयाने नेमलेला, शिक्षण घेतलेला गृहस्थ किंवा बाई असते. त्याची नावे बदलली, बैठकीची जागा बदलली. परंतु त्याच्या कामाची परीक्षा करावयाचे दोन प्रश्न सर्व काळी सारखेच राहिले आहेत. तो सुटका घडवीत होता की बहिष्कार? आणि जिचे सारे आयुष्य पणास लागले होते त्या स्त्रीला त्या बैठकीत स्वतःच्या तोंडाने बोलता येत होते काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने हा इतिहास पाहावयाचा आहे.

विवाह हा संस्कार असल्यामुळे तो अविच्छेद्य आहे, हे मत मनुस्मृतीपासून सर्वांच्या परिचयाचे आहे. तथापि प्राचीन ग्रंथांचा सूर सर्वत्र एकच नाही. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रातील ‘धर्मस्थीय’ अधिकरण उघडले की वेगळेच जग दिसते. ब्राह्मादी चार धर्मविवाहांत मोक्ष नाही, असे कौटिल्यही सांगतो. परंतु एरवी परस्परांचा द्वेष असेल तर मोक्ष मिळतो, आणि एकाची इच्छा नसताना दुसऱ्याला केवळ आपल्या द्वेषावरून तो मिळत नाही, अशी त्याची व्यवस्था आहे. ज्या शब्दाने आपण जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे समजतो, तोच ‘मोक्ष’ शब्द त्याने येथे योजिला आहे. पत्नीच्या अपराधामुळे नवरा मोक्ष मागत असेल तर त्याने तिचे जे घेतले असेल ते परत द्यावे. नवऱ्याच्या अपराधामुळे पत्नी मागत असेल तर तिला ते परत मिळू नये, असेही तो सांगतो. सारांश, सुटका जो मागेल त्याने तिचे मोल द्यावे. मग अपराध कोणाचाही असो! हे सूत्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे दोन हजार वर्षांनंतर मुंबईच्या एका खटल्यात ते पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

वाद कोणी मिटवावा याची उतरंडही आपल्या शास्त्रकारांनी लावून दिली होती. याज्ञवल्क्याने राजाने नेमलेले अधिकारी, पूग, श्रेणी आणि कुळ असा क्रम दिला असून त्यांतील आधीचा नंतरच्याहून श्रेष्ठ मानला आहे. आजच्या बिदर जिल्ह्यातील कल्याण येथे चालुक्यांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत यांचा अर्थ उलगडला आहे. पूग म्हणजे एका ठिकाणी राहणारे भिन्न जातींचे व भिन्न वृत्तींचे लोक, श्रेणी म्हणजे एका धंद्याचे लोक, आणि कुळ म्हणजे नातलग व बांधव. घरातील भांडण प्रथम कुळापुढे यावे हे स्वाभाविक होते. परंतु कुळाचा निर्णय हा शेवटचा शब्द नव्हता. जवळच्या माणसांनी चूक केली तर त्यांच्याहून दूरच्या, म्हणूनच अधिक निःपक्षपाती माणसांकडे जाण्याची वाट मोकळी होती. ही दूरदृष्टी पुढील काळात पुष्कळदा विसरली गेली.

मराठेशाहीत या व्यवस्थेला जे स्वरूप आले त्याचा साधार अभ्यास डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी केला. त्यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून निघाला. पुढे ते गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले. वतनाचे वाद गोतसभेपुढे, प्रायश्चित्ताचे प्रश्न विद्वान ब्राह्मणांपुढे, आणि लग्न, पाट, सोडचिठ्ठी यांचे तंटे बहुधा जातीच्या पंचांपुढे जात. निवाड्याच्या रीतीत अनेक गोष्टी वाखाणण्यासारख्या होत्या. पंचांचा निर्णय मान्य करू असा लेख दोन्ही पक्ष आधीच लिहून देत. त्याला ‘राजीनामा’ म्हणत. आज हा शब्द नोकरी सोडण्याच्या पत्राला चिकटला असला, तरी त्याचा मूळ अर्थ ‘राजी असल्याचा लेख’ असाच आहे. दोन्ही पक्ष जामीन देत, आपापली तकरीर, म्हणजे कैफियत, लिहून देत. निर्णय झाल्यावर हरलेला पक्ष आपला दावा खोटा ठरल्याचे येजितखत लिहून देई, आणि जिंकणारा सरकारात हरकी भरी. आधी संमती, मग दोन्ही बाजूंचे ऐकणे, शेवटी लेखी कबुली ही जी परंपरा, ती आजच्या मध्यस्थी-केंद्रांतील पद्धतीशी ताडून पाहिली असता साम्य पाहून नवल वाटते.

पण एक उणीव डोळ्यांत भरते. पंच पुरुष असत, आणि मुलीच्या वतीने बोलणारा तिचा बाप किंवा भाऊ असे. पाटाची चाल असलेल्या जातींत सोडचिठ्ठी मिळाली म्हणजे स्त्रीला दुसरा संसार मांडता येई, ही मोठीच सोय होती. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रियांना ती मुळीच नव्हती, हे येथे स्पष्ट नमूद केले पाहिजे. मात्र सोडचिठ्ठी देणे बहुधा नवऱ्याच्या हाती असे, आणि पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च नव्या नवऱ्याने भरून द्यावा असा प्रघात अनेक ठिकाणी होता. तेव्हा पंचांपुढे जी तडजोड होई ती प्रायः दोन कुळांमधील असे. जिच्याविषयी ती होई, ती त्या तडजोडीतील पक्षकार नसे.

आपल्या गोमंतकात या बैठकींना देवळाचा आणखी एक आधार होता. गाऱ्हाणे घालून देवाचा कौल घेण्याची चाल आजही अनेक देवालयांत चालू आहे. मूर्तीला लाविलेल्या पाकळ्या उजवीकडून पडतात की डावीकडून, यावरून भाविक लोक लग्न, धंदा आणि घरातील कलह यांविषयी देवाची आज्ञा जाणून घेतात. या श्रद्धेने पुष्कळांच्या मनाला धीर दिला आहे यात शंका नाही. तथापि कौल ‘करावे की न करावे’ एवढेच सांगतो. मुले कोणापाशी राहावीत, दागिने कोणी न्यावेत, पोटाला काय द्यावे, या अटी माणसांनी माणसांशीच बोलून ठरवाव्या लागतात. सभामंडपात बसणाऱ्या महाजनांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. मात्र त्यांच्या हाती वाळीत टाकण्याचे शस्त्रही असे. ते शस्त्र जवळ बाळगून केलेली मध्यस्थी कितपत निर्भेळ असेल, याचा विचार ज्याचा त्यानेच करावा.

इंग्रजी अमलाच्या आरंभी एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीची पद्धत टिकवावी असा अभिप्राय दिला. तिचे दोषही त्याने झाकले नाहीत. पंच वेळेवर जमत नाहीत, कामे रेंगाळतात, निवाड्याची अंमलबजावणी होत नाही, हे त्याने लिहून ठेविले आहे. त्याच्याच प्रेरणेने आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींची चौकशी करून १८२७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तोंडी चालत आलेली सोडचिठ्ठीची रूढी प्रथमच छापील पुस्तकात आली. पुढे दिवाणी न्यायालये बळावली तसतसा पंचांचा अधिकार आटत गेला. लग्न रद्द ठरविण्याचा अथवा नवरा हयात असता स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली सांगितले. जातीच्या मनमानीला त्यामुळे आळा बसला खरा; पण हिंदू स्त्रीला लग्नाच्या बंधनातून मोकळे करण्याचा अधिकार त्या न्यायालयापाशीही नव्हता. जुने दार लागले, नवे उघडले नाही.

या बंद दाराशी जो प्रसिद्ध खटला येऊन थडकला तो रखमाबाईंचा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी नांदावयास कधीच गेल्या नव्हत्या. त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लाविला. हा दावा हिंदू धर्मशास्त्रातील नव्हे. तो इंग्लंडातील धर्मपीठांच्या न्यायालयांतून आपल्याकडे आला होता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला. १८८६ साली अपिलात तो निकाल फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जावे, नाहीपेक्षा सहा महिने तुरुंगवास पत्करावा. इंग्लंडात अशा हुकुमासाठी तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच रद्द झाली होती; मुंबईत ती कायम होती! रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दर्शविली. साऱ्या देशात वादळ उठले. ‘केसरी’ने त्यांच्या विरुद्ध लेखणी उचलली, सुधारक त्यांच्या बाजूने उभे राहिले.

या वादळाचा शेवट पुष्कळांना ठाऊक नसतो. तो न्यायालयाच्या हुकुमाने झाला नाही; तडजोडीने झाला. १८८८ च्या जुलैमध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची बजावणी सोडून दिली. रखमाबाई १८८९ साली विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. चार वर्षे, तीन निकाल आणि विलायतेपर्यंत गेलेली चर्चा यांनी जे साधले नाही, ते एका समझोत्याने साधले. पण त्या समझोत्याचे स्वरूप नीट पाहावे. मोल सुटका मागणारीने भरले. कौटिल्याचे सूत्र येथे पुन्हा खरे ठरले. शिवाय कायद्याने लग्न मोडले नाही. मिळाली ती फक्त स्वस्थतेने जगण्याची मोकळीक. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हा समझोता शक्य झाला तो रखमाबाईंनी ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य दाखविल्यानंतर. ‘नाही’ म्हणू न शकणाऱ्या मुलीच्या वतीने वडीलधाऱ्यांनी केलेला समझोता तिला सासरीच पोहोचविता. तुरुंगाची ती तरतूद भारतातून १९२३ साली गेली. रखमाबाईंचा मृत्यू १९५५ साली झाला. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी संमत झाला. त्यांच्या आयुष्याची ही लांबी म्हणजे आपल्या सुधारणेच्या सावकाशीचे मापच होय.

या काळात पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यातील कायद्याने मात्र वेगळी वाट धरली होती. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने पतिपत्नींच्या संपत्तीत समाईक मालकीचे तत्त्व आणिले. १८८० साली येथील हिंदूंच्या चालीरीतींची स्वतंत्र संहिता झाली. १९१० च्या ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन झाले आणि पुढच्याच महिन्यात, ३ नोव्हेंबर रोजी, घटस्फोटाचा कायदा निघाला. त्यात परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोय होती. लग्नाला दोन वर्षे होऊन गेली आहेत आणि दोघांनी वयाची पंचवीस वर्षे पुरी केली आहेत, अशा जोडप्याने न्यायाधीशापुढे यावे. त्याने आधी समेटाचा प्रयत्न करावा. तो न साधल्यास प्रथम तात्पुरती आणि वर्ष लोटल्यावर कायमची मोकळीक द्यावी, असा तो क्रम होता. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचे कलम येण्यास १९७६ साल उजाडावे लागले. एवढ्या एका बाबतीत तरी परकी सत्तेखालचा गोवा शेजाऱ्यांपेक्षा सहासष्ट वर्षे पुढे होता. १९६१ च्या मुक्तीनंतरही येथील कौटुंबिक कायदा कायम ठेवण्यात आला.

इतरत्र पहिले पाऊल मराठी राज्यकर्त्याने उचलले, याचा बडोद्याच्या वाचकांना अभिमान वाटावा. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४७ साली तसा कायदा केला आणि १९५५ साली तो सर्व देशभर झाला. १९५५ च्या कायद्यातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. रूढीने चालत आलेली सोडचिठ्ठी त्याने रद्द केली नाही. कलम २९ ने ती राखून ठेविली. दुसरे, दाद देण्यापूर्वी पतिपत्नींत समेट घडवून आणण्याचा होईल तितका यत्न न्यायालयाने करावा, असे कलम २३ मध्ये सांगितले. १९७६ च्या दुरुस्तीने त्यासाठी कामकाज पंधरा दिवस थांबवून प्रकरण तिसऱ्या व्यक्तीकडे सोपविण्याची सोय झाली. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समझोत्याला अग्रस्थान दिले, समुपदेशक आणिले आणि वकिलाला हक्काने उभे राहण्यास मनाई केली. आम्हा वकिलांना ही शेवटची तरतूद झोंबली, पण तिच्यामागचा हेतू नाकारता येत नाही. दिवाणी संहितेचे नवे कलम ८९ २००२ पासून अमलात आले. २०१३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वैवाहिक वादात मध्यस्थीची वाट आधी चाचपावी, आणि दावा दाखल होण्यापूर्वीच मध्यस्थी करता येईल अशी सोय केंद्रांनी ठेवावी. २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच संमत केला.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याच्या अभावी मोठा घोटाळा होतो. समेट म्हणजे मोडू पाहणारा संसार पुन्हा जुळविणे. मध्यस्थी म्हणजे वादातील प्रश्नांवर दोघांना मान्य होईल असा तोडगा त्यांच्याच तोंडून काढविणे; तो तोडगा एकत्र राहण्याचा असेल किंवा वेगळे होण्याचा असेल. आपले वडीलधारे पहिल्याला यश मानतात आणि दुसऱ्याला अपयश. ‘चार भांडी एकत्र आली की वाजायचीच’ म्हणून मुलीची परत पाठवणी केली की आपले कर्तव्य संपले असे त्यांना वाटते. वस्तुतः पुष्कळ जोडप्यांचे वेगळे होणे अटळच असते. प्रश्न एवढाच उरतो की, ते कोर्टाच्या पायऱ्या दहा वर्षे झिजवून, परस्परांवर चिखल उडवून व्हावे, की शांतपणे बसून व्हावे? मुलांची शाळा, सुट्ट्यांतील भेटी, आजीआजोबांचा लळा, स्त्रीधन, पोटगी, राहते घर यांविषयी निकाल देताना न्यायाधीशापुढे असते ते फक्त पुराव्याचे पान. त्या मुलाला रात्री कोणाच्या कुशीत झोप येते हे आईबापांनाच ठाऊक असते. चांगला मध्यस्थ त्यांच्या या ज्ञानाला वाचा फोडतो. तो दोघांशी एकत्र आणि वेगवेगळे बोलतो, एकाचे गुपित दुसऱ्यास सांगत नाही, स्वतः निवाडा देत नाही. येथेच तो जुन्या पंचाहून वेगळा ठरतो.

तथापि कायदा ज्या पक्षाला जेवढे बळ देतो तेवढ्याच बळावर तो पक्ष तडजोडीस बसतो, हे विसरता कामा नये. संपत्तीची समाईक मालकी असलेल्या जोडप्यातील मडगावची स्त्री आपल्या अर्ध्या वाट्याची मालकीण म्हणून बोलू शकते. बेळगावच्या किंवा इंदूरच्या स्त्रीला हिंदू विवाह कायद्याखाली नवऱ्याच्या मिळकतीत तसा वाटा नाही. ती स्त्रीधन आणि पोटगी यांवर बोलते. कुलदैवत एक, भाषा एक, पण वाटाघाटीची जमीन वेगळी! म्हणून मध्यस्थाकडे जाण्यापूर्वी प्रत्येकाने, विशेषतः स्त्रीने, आपला हक्क काय आहे हे जाणत्या माणसाकडून समजून घ्यावे. हक्क न जाणता दिलेली संमती ही संमती नव्हे. परस्परसंमतीच्या अर्जावरील अंतिम हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले, त्याचेही मर्म हेच आहे.

आपल्या देवस्थानांच्या समाजात आजही घरचे भांडण प्रथम एखाद्या मान्यवराच्या कानी जाते, आणि ते योग्यच आहे. त्या मान्यवरांना इतिहासाचे सांगणे थोडक्यात असे आहे. जुन्या पंचांपासून आधी घेतलेली लेखी संमती, दोन्ही बाजूंचे पुरते ऐकणे आणि शेवटचा स्पष्ट लेख हे तीन गुण घ्यावेत. वाळीत टाकण्याची धमकी कायमची टाकून द्यावी. महाराष्ट्राने तर २०१६ साली संमत केलेल्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हाच ठरविला आहे. मारहाण झाली असेल तेथे समेटाची घाई करू नये. तेथे प्रथम २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण, मग इतर बोलणी. बापाने किंवा भावाने सांगितले म्हणून भागवू नये; मुलीला स्वतंत्र बसवून तिचे ऐकावे, आणि त्या बैठकीत एखादी जाणती स्त्रीही असावी. झालेला समझोता वकिलाला दाखवून न्यायालयात नोंदवावा. खाजगी कागदावर मोडलेले लग्न बहुधा कायद्याच्या दृष्टीने मोडलेले नसते आणि पुढच्या संसाराला त्याची बाधा होते.

एवढी काळजी घेतली म्हणजे वेगळी झालेली मुलगी आणि वेगळा झालेला मुलगा हे दोघेही पुढल्या जत्रेला त्याच देवळात, मान खाली न घालता, आपापल्या माणसांसह येऊ शकतील. घटस्फोट या शब्दातील फुटलेला घट आपल्याला भाषेतून काढून टाकता येणार नाही. तो शब्द आता रूढ झाला आहे. परंतु त्या शब्दाखाली चालणारा व्यवहार मात्र सोडचिठ्ठीच्या मूळ अर्थाला धरून, म्हणजे सोडणारा आणि मोकळे करणारा, ठेवणे हे सर्वस्वी आपल्या हाती आहे.